मुळ्या छाटल्या म्हणून वड जगला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका भगिनींचे पत्र आले होते. बोन्साय म्हणजे झाडाचा छळ, मुळ्या कापून त्याला जन्मभर खुजे ठेवणे हे पाप, असे त्यांनी लिहिले होते. त्यांची झाडांवरची माया खरी आहे, हे पत्र वाचताना जाणवले. म्हणूनच उत्तर द्यावेसे वाटले. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. चादरीच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची जुळणी-दुरुस्ती पाहणारा, म्हणून ३४ वर्षे काढली, आता निवृत्त आहे. गच्चीवर २९ वर्षांपासून बोन्साय, म्हणजे उथळ ट्रेमध्ये लहान ठेवून वाढवलेली झाडे, सांभाळतो. आज लहानमोठी मिळून २३ झाडे आहेत.

त्यातला सगळ्यात जुना वड १९९६ सालचा. आमच्या शेडच्या पन्हळीखाली, भिंतीच्या सांध्यात तो वीतभर वाढला होता. भिंत फुटेल म्हणून मालकांनी उपटून टाकायला सांगितले. उपटताना सोटमूळ भिंतीतच तुटून राहिले. हातात आले ते बोटभर खोड आणि चार बारीक मुळ्या. टाकवेना. घरी आणून तेलाच्या डब्याला भोके पाडून त्यात लावला. आज त्याचे खोड माझ्या मनगटाहून जाड आहे, उंची दीड फूट, आणि दोन पारंब्या मातीला टेकल्या आहेत. या वडाच्या मुळ्या मी आजवर १२ वेळा छाटल्या. तो भिंतीत राहिला असता तर पुढच्याच उन्हाळ्यात त्याच्यावर ॲसिड पडले असते.

ताईंना मी एकच गोष्ट सांगू इच्छितो. ट्रेमधल्या झाडाच्या मुळ्या कापण्यात क्रौर्य नाही. त्या वर्षानुवर्षे न कापता तशाच ठेवणे, हे मात्र क्रौर्य आहे.

जमिनीतला वड मुळ्या हव्या तेवढ्या लांब पळवतो आणि नवी माती गाठतो. ट्रेमधल्या वडाला अडीच इंच खोली. दोन वर्षांत मुळ्या कडेला भिडतात आणि मग कडेकडेने गोल फिरत राहतात. दरम्यान मातीचे दाणे झिजून त्यांची भुकटी होते, आत हवा खेळत नाही. वरून पाणी घातले तर ते तरी साचून राहते, नाहीतर कडेने निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. पाणी ओढून घेतात त्या टोकाकडच्या केसासारख्या बारीक मुळ्या. जाड मुळ्या झाडाला धरून ठेवायच्या आणि ते पाणी वर पोचवायच्या कामाच्या. जाड मुळी मागे घेतली की कापाच्या अलीकडून नव्या बारीक मुळ्यांचा झुबका फुटतो. झाड लहान राहते ते शेंडे खुडल्यामुळे आणि ट्रे उथळ असल्यामुळे. मुळ्यांची छाटणी आपण करतो ती त्याला पुन्हा वाढायला जागा व्हावी म्हणून.

आपला जिल्हा द्राक्षाचा आणि डाळिंबाचा. पंढरपूरकडचा बागाईतदार एप्रिलमध्ये द्राक्षाची खरड छाटणी करतो, ऑक्टोबरमध्ये फळछाटणी करतो. वेल नुसत्या काड्यांवर येतो. डाळिंबवाला बहार धरायला झाडाचे पाणी तोडतो, ताण देतो, पानगळ करतो. त्याला कोणी क्रूर म्हणत नाही, कारण झाड त्यानंतर कसे फुटते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. ट्रेमधल्या मुळ्या मात्र कोणी पाहिलेल्या नसतात.

मागच्या श्रावणात शेजारच्या वहिनी एक बोन्साय घेऊन आल्या. त्यांच्या मुलाच्या दुकानाच्या उद्घाटनाला कोणीतरी भेट दिलेला फायकस, म्हणजे वडाच्याच कुळातले झाड. चार वर्षे काउंटरवर होता. पाने पिवळी पडून गळत होती. "भाऊ, रोज पाणी घालतो हो आम्ही, तरी असं का करतंय?" असे त्या डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या. ट्रे उलटा करून पाहिला तर तळाला भोकच नाही. विकणाऱ्याने वर पांढरे गोटे सिमेंटने चिकटवले होते, ते छिन्नीने काढले. आतला गोळा आपल्या कडक भाकरीसारखा एकसंध निघाला, वाजवला तर आवाज यावा इतका. खालच्या बाजूला नर्सरीची काळी पिशवीसुद्धा तशीच होती आणि तिच्या आत मुळ्या दोरीच्या वेटोळ्यासारख्या एकमेकींभोवती आवळल्या होत्या. अर्ध्या अधिक काळ्या पडलेल्या, कुजका वास. चार वर्षांत कोणीही त्या कुटुंबाला सांगितले नव्हते की हे झाड दर दोन वर्षांनी बाहेर काढायचे असते. छळ म्हणायचा तर मी याला म्हणेन. ते झाड वाचले, पण निम्म्या फांद्या गेल्या.

आता माझ्या हातून झालेली चूकही सांगतो, कारण तीच चूक सोलापुरात अनेकजण करतात. २००९ साली थोरलीच्या लग्नाआधी गच्ची आवरायची म्हणून भर मे महिन्यात मी ११ वर्षांची चिंच ट्रेमधून काढली. पारा त्रेचाळीसला टेकलेला. निम्म्याहून जास्त मुळ्या कापल्या, शेतातून आणलेली काळी माती भरली आणि भरपूर पाणी घातले. चिंचेची पाने संध्याकाळी मिटतात आणि सकाळी उघडतात, हे आपण पाहतोच. तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता गच्चीवर गेलो तर पाने मिटलेलीच. दहा वाजता मिटलेली. दुपारी हात लावला तर मुठीत चुरा आला. काळी माती सुकून ट्रेच्या कडेपासून बोटभर सुटली होती आणि भेगेत तुटलेल्या मुळ्यांची पांढरी टोके दिसत होती. घरात लग्नाची गडबड, मी मात्र जिन्यात बसून होतो.

त्यात तीन चुका होत्या: वेळ, प्रमाण आणि माती.

वेळेचे आधी सांगतो. बोन्सायची पुस्तके 'वसंतात, कळ्या फुगताना' असे सांगतात. जपानात ते बरोबर आहे; तिथे वसंतानंतर सौम्य हवा आणि पाऊस येतो. आपल्याकडे फाल्गुन संपला की भट्टी पेटते. वड, पिंपळ, उंबर आणि सगळे फायकस यांना ऊब हवी आणि हवेत ओलावा हवा. मी त्यांना मृग लागल्यावर हात लावतो. मृग कोरडा गेला तर आर्द्रेपर्यंत थांबतो. एक-दोन पाऊस पडून गच्चीचा स्लॅब निवला आणि शेंड्याची टोके टोकदार दिसू लागली की समजायचे, झाड तयार आहे. डाळिंबाला मात्र पावसाची वाट पाहायची नाही. संक्रांतीची गड्डा यात्रा उरकली की, नवी पालवी फुटायच्या आत, त्याचे काम संपवावे. अडेनियमचे, म्हणजे जाड खोडाच्या वाळवंटी गुलाबाचे, सगळे उलटे: त्याच्या कापलेल्या मुळ्या आठवडाभर सावलीत सुकू द्यायच्या, कोरड्या मातीत लावायचे आणि पुढेही काही दिवस पाणी द्यायचे नाही. पावसाळ्यात अडेनियम उकरले तर ते कुजणारच.

दुसरे प्रमाण. निरोगी झाडाच्या एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त मुळ्या मी काढत नाही. जेवढे खालून जाते त्या मानाने वरचाही भार कमी करतो, म्हणजे उरलेल्या मुळ्यांवर पानांची ओढ पडत नाही. आजारी झाड असेल तर कुजलेले तेवढेच काढायचे, निरोगी मुळीला हात लावायचा नाही.

या वर्षी वड काढला तेव्हा नात शेजारी बसली होती. आदल्या दिवशी पाणी तोडले होते, त्यामुळे गोळा सहज सुटला. मी मुळ्या सोडवायला माझ्या कामाचेच हत्यार वापरतो: मागाच्या फणीतून सुताची तार ओढायची पातळ आकडी. मागावरचा गुंतलेला ताणा, म्हणजे उभे सूत, सोडवताना जसे कडेपासून आत जायचे आणि ओढायचे नाही, तसेच इथे. खोडापासून बाहेरच्या दिशेने विंचरत गेले की गोल फिरलेल्या मुळ्या केसांसारख्या मोकळ्या लोंबू लागतात. मग खाली सरळ जाणारी जाड मुळी आधी कापायची, काप स्वच्छ आणि खालच्या अंगाला. फायकसचा पांढरा चीक येतो, त्याला घाबरू नये. पाण्याचा फवारा मारला की थांबतो. कडेच्या बारीक मुळ्या फक्त टोकांना कातरायच्या. सगळे मिळून अर्धा तास लागतो आणि त्या अर्ध्या तासात मुळ्या एकदाही सुकू द्यायच्या नाहीत. नातीच्या हातात फवारा होता. एका पारंबीची टोके हिरवट पांढरी, तांदळाच्या कणीएवढी, नुकती फुटलेली. "आजोबा, ही नवीन आहेत," ती म्हणाली. ती जागा मी कापली नाही.

नंतर ट्रेच्या भोकांवर जाळी, भोकांतून तार वर काढून झाड घट्ट बांधायचे. ही तार लोक टाळतात. पण वाऱ्याने झाड हलले की काल फुटलेली मुळी आज तुटते, आणि आषाढात आपल्याकडे वारा काय असतो ते सांगायला नको. माती काडीने टोचत टोचत मुळ्यांमध्ये बसवायची, पोकळी राहू द्यायची नाही. तीन आठवडे सावलीत ठेवायचे आणि महिना-दीड महिना खताचा कणही नको.

आता मातीविषयी. काळी माती ज्वारीला सोन्यासारखी, पण ट्रेत घातक. भिजली की फुगते, सुकली की आकसते आणि तिच्या भेगांत बारीक मुळ्या तटातट तुटतात. जपानात बोन्सायसाठी आकादामा नावाची दाणेदार माती वापरतात. ती इकडे मागवणे माझ्या पेन्शनीत बसत नाही. जुन्या भिंतीच्या भाजक्या विटा आपल्याकडे हव्या तेवढ्या मिळतात. त्या फोडायच्या, दोन चाळण्यांतून चाळायच्या आणि ज्वारीपासून हरभऱ्याएवढे दाणे तेवढे घ्यायचे. भुकटी फेकून द्यायची, मोह धरायचा नाही. तीन भाग विटांचा चुरा, एक भाग जाड वाळू, एक भाग कुजलेले पालापाचोळ्याचे खत. हे मिश्रण पाणी धरते आणि जास्तीचे सोडून देते. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, पिंपातले साठवलेले पुरवून घालावे लागते, त्यामुळे मी चुऱ्याचे प्रमाण असे ठेवले आहे. बोअरचे पाणी वापरणाऱ्यांच्या ट्रेवर क्षाराचा पांढरा थर बसतो. त्यांनी पावसाचे पाणी साठवून अधूनमधून माती धुऊन काढावी.

ताईंनी 'जन्मभर खुजे' असे लिहिले आहे, म्हणून एका झाडाची हकिकत सांगतो. जपानमधला एक पांढरा पाइन १६२५ सालापासून बोन्साय म्हणून जोपासला गेला आहे. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा तो यामाकी कुटुंबाच्या रोपवाटिकेत, स्फोटाच्या जागेपासून साधारण ३ किलोमीटरवर होता. भिंतीआड असल्याने वाचला. १९७६ साली त्या कुटुंबाने तो अमेरिकेला भेट दिला आणि आज तो वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात आहे. तो हिरोशिमातून वाचलेला आहे, हे तिथल्या लोकांना कळले २००१ साली, यामाकींचे नातू पाहायला आले तेव्हा. पिढ्यान्‌पिढ्या कोणी ना कोणी त्याला ट्रेमधून उचलले, मुळ्या सोडवल्या, छाटल्या आणि परत बसवले, तेव्हा कुठे तो आज हिरवा आहे.

संपादक महोदय, आपल्या माध्यमातून दोन विनंत्या करतो. बोन्साय विकणाऱ्यांनी प्रत्येक झाडासोबत एक चिठ्ठी द्यावी: झाडाचे नाव, मुळ्या शेवटच्या कधी छाटल्या आणि पुढच्या कधी छाटायच्या. एवढे लिहायला शाई किती लागते? आणि महापालिकेने मृगाच्या सुमारास एक दिवस हुतात्मा बागेत मुळ्यांच्या छाटणीचे प्रात्यक्षिक ठेवावे. आमच्यासारखे जुने लोक फुकट येऊन शिकवतील. शहरात जुने वाडे, जुन्या शेड रोज पडत आहेत आणि त्यांच्या भिंतींतले वड-पिंपळ राडारोड्यासोबत जात आहेत. बागेत हात तयार झाले तर त्यांतली काही तरी घरोघर जगतील.

ज्या भगिनींनी पत्र लिहिले त्यांना माझे आग्रहाचे निमंत्रण आहे. पुढच्या रविवारी सकाळी मी उंबर काढणार आहे, आर्द्रा लागली आहे, पाऊसही झाला आहे. त्यांनी यावे, मुळ्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहाव्यात आणि महिन्याभराने पालवी बघायला पुन्हा यावे. पत्ता आपल्या कार्यालयात देऊन ठेवला आहे. चहा आमच्याकडेच घ्यावा.

आपला,
एक निवृत्त यंत्रमाग कामगार,
पूर्व भाग, सोलापूर