कार्व्हिंग-लस्टर टाइल्समधला बॅचफरक आणि पत्रकातली ॲसिडची चुकीची सूचना याबाबत तक्रार

कोल्हापूर
दिनांक : १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. व्यवस्थापक,
गुणवत्ता व ग्राहक सेवा विभाग,
टाइल उत्पादक कंपनी, मोरबी (गुजरात)

विषय : ६०० × १२०० मिमी कार्व्हिंग-लस्टर (कोरीव रेघा आणि धातूसारखी झळाळी असलेल्या) वॉल टाइल्सच्या बारा पेट्यांत दोन वेगळ्या चमकेचा माल आल्याबाबत, तसेच सोबतच्या पत्रकातली ॲसिडने पुसण्याची सूचना मागे घेण्याबाबत.

संदर्भ : आपल्या कोल्हापूरच्या वितरकाचे बिल, आमची ई-मेलवरची तक्रार आणि त्यावर आलेले आपले उत्तर.

महोदय,

आपले उत्तर मिळाले. बाजूने पडणाऱ्या उजेडामुळे भिंतीवर पट्ट्याचा भास होतो आणि टाइल बसवल्यानंतर शेडची तक्रार ग्राह्य धरली जात नाही, एवढ्यावर आपण विषय संपवला आहे. आपल्याच कॅटलॉगमध्ये या मालाचे वर्णन ‘उजेडानुसार रूप बदलणारी, हाताला जाणवणारी’ असे छापले आहे आणि त्या पानावरचा फोटोही वरून उतरणाऱ्या कोव्ह लाइटमधला (छताच्या खोबणीत लपवलेल्या दिव्यांतला) आहे. साध्या ग्लॉसी टाइलच्या जवळपास दुप्पट दर घरमालकाने मोजला तो याच गुणासाठी. त्यामुळे उजेडाला दोष देण्याआधी खालची मापे वाचावीत.

जागा नागाळा पार्कमधल्या घराची बैठकीची खोली. भिंत ४.८ मीटर रुंद, ३ मीटर उंच. टाइल आडवी धरून एका ओळीत चार, अशा पाच ओळी, म्हणजे २० नग. पेटीत दोन नग, म्हणून दहा पेट्या लागणार होत्या. मोडतोड धरून बारा मागवल्या. फॉल्स सीलिंगच्या खोबणीतली एलईडी पट्टी भिंतीपासून १५ सेंमीवर आहे. गिलावा ओळंब्यात होता, तो २ मीटरच्या पट्टीने तपासला होता. चिकटवायला आयएस १५४७७ या भारतीय मानकातला टाइप ३ अढेसिव्ह, १० मिमी खाचेचा थापा, टाइलच्या पाठीलाही पातळ थर, टाइल्स एका पातळीत धरणाऱ्या लेव्हलिंग क्लिप, सांध्यांसाठी २ मिमीचे स्पेसर आणि सांध्यांत इपॉक्सी ग्राउट. बसवल्यावर एकही नग पोकळ वाजत नाही.

रात्री दिवा लावला की जमिनीपासून १.८ मीटरवर भिंतीचे सरळ दोन तुकडे दिसतात. खालच्या तीन ओळींत रेघा खोल आणि पृष्ठभाग मऊसर मॅट. वरच्या दोन ओळींत रेघा उथळ, आणि मधला भाग तेलाचा हात फिरवल्यासारखा चकाकतो. मिस्त्रींनी पेट्या उघडल्या त्याच क्रमाने खालून वर काम नेले. पहिल्या सहा पेट्या एका तारखेच्या, पुढच्या चार दुसऱ्या. उरलेल्या न उघडलेल्या दोन पेट्यांपैकी योगायोगाने प्रत्येक तारखेची एक आहे. पेट्या एकमेकींत मिसळून लावायला हव्या होत्या असे आपण म्हणाल. ते खरे, मिसळून लावणे हीच चांगली रीत. पण या मालात त्याने पट्ट्याऐवजी बुद्धिबळाचा पट झाला असता.

बाराही पेट्यांवर शेड नंबर एकच आहे. फरक आहे तो बारीक अक्षरातल्या उत्पादन तारखेचा. बसवण्याआधी चार नग जमिनीवर मांडून दिवसाच्या उजेडात पाहिले होते आणि ते जुळले होते, कारण रंग खरोखरच जुळतो. घोटाळा इथेच आहे. आपला शेड नंबर फक्त रंगाचा हिशेब ठेवतो. चमक किती आणि कोरीव किती खोल, याचा हिशेब पेटीवर कुठेच नाही. टाइल्सच्या तपासणीचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १०५४५, त्याच्या दुसऱ्या भागात पृष्ठभागाचे दोष बघताना टाइल्सवर ३०० लक्स उजेड पाडून १ मीटरवरून पाहायचे असते. सोळावा भाग सूक्ष्म रंगफरक मोजतो, तोही एकरंगी ग्लेझचा, म्हणजे टाइलवरच्या काचेसारख्या थराचा. मॅट पृष्ठभागावर चकाकत्या रेघा असलेला माल या दोन्ही तपासण्यांतून सुखरूप बाहेर पडू शकतो आणि तरीही भिंतीवर दुभंगतो. सर्वसाधारण टाइलला तेवढी तपासणी पुरते. पैठणीच्या धूपछावीसारखी झळाळी विकायची असेल, तर कापड तिरपे धरूनच बघावे लागते.

न उघडलेल्या त्या दोन पेट्या आम्ही वितरकाच्या प्रतिनिधीसमोर फोडल्या आणि प्रत्येकीतले दोन्ही नग मोजले. चमक ग्लॉसमीटरने ६० अंशांवर घेतली. कोरीव पृष्ठभागावर मीटर नीट टेकत नाही आणि बाहेरचा उजेड आत शिरून आकडा चुकतो, म्हणून दोन रेघांमधली सपाट जागा निवडली. टाइल फिरवली तरी आकडा बदलतो, म्हणून पाठीवरचा बाण प्रत्येक वेळी एकाच दिशेला ठेवला. दर नगावर पाच ठिकाणी माप घेतले. पहिल्या तारखेचा माल २० ते २४ युनिट, सरासरी २२. दुसऱ्या तारखेचा ३१ ते ३६, सरासरी ३४. कोरीव खोली डायल डेप्थ गेजने मोजली. हे उपकरण कोल्हापुरात शोधत फिरावे लागत नाही, उद्यमनगरातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये असते. पहिल्या मालात ०.३० ते ०.३५ मिमी, दुसऱ्यात ०.१८ ते ०.२२. मीटर बाजूला ठेवून डोळे मिटून नख फिरवले, तरी पहिली टाइल अडते आणि दुसरीवरून नख घसरत जाते.

आता आपल्या ‘भासा’विषयी. दिवा भिंतीपासून १५ सेंमीवर असेल, तर दिव्याखाली ३० सेंमीवर ०.३ मिमी खाचेची सावली जेमतेम ०.६ मिमी पडते. दीड मीटर खाली ती ३ मिमी होते आणि जमिनीलगत ६ मिमी. म्हणजे एकाच टाइलच्या रेघा खाली जाताना अधिकाधिक ठळक दिसणारच. हे आम्हाला ठाऊक आहे आणि घरमालकालाही आधी दाखवले होते. पण ही वाढ हळूहळू होते, उडी मारत नाही. आपल्या मालात बरोबर १.८ मीटरच्या सांध्यावर सावली १.६ मिमीवरून एकदम २.६ मिमीवर जाते. गेजवर मिळालेल्या सरासरी ०.२० आणि ०.३२ मिमी खोल्यांचा हिशेब मांडला, की नेमके हेच दोन आकडे येतात. उजेडाला बॅच नंबर नसतो.

याउपर आणखी एक खात्री करून घेतली. लाकडी पट्टीवर तात्पुरती एलईडी लावून ती भिंतीपासून ४५ सेंमीवर धरली. सावल्या एक तृतीयांश झाल्या, रेघांमधला फरक बराच मावळला. चमकेचा पट्टा मात्र जागेवर राहिला, कारण चमक खाचेच्या खोलीवर अवलंबून नसते. नंतर दोन्ही तारखांचे नग अढेसिव्ह, ग्राउट काहीही न लावता फळीवर एकाआड एक उभे केले. फरक तसाच. फिटिंगचा त्यात हात असता, तर तो इथे नाहीसा व्हायला हवा होता. तेव्हा दिव्याला आणि मिस्त्रीला धरणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

एक चूक आमच्याकडची आहे, ती इथे नोंदवतो. सर्वांत खालच्या आडव्या सांध्यावर उजव्या टोकाला वरची टाइल खालच्या टाइलपेक्षा ०.६ मिमी पुढे आली आहे. त्या उंचीवर तिची सावली सुमारे १० मिमी पडते आणि ती बघवत नाही. क्लिपचे वेज (पाचर) तिथे नीट आवळले गेले नव्हते. त्या दोन नगांची मजुरी आम्ही आमच्या खात्यात धरली आहे, आपल्याकडे मागत नाही.

कारखान्यात काय घडले असावे, हे आपण आमच्यापेक्षा जास्त जाणता. तरी मापांवरून जे दिसते ते लिहितो, म्हणजे शोध लवकर लागेल. कार्व्हिंगची शाई जिथे पडते तिथे ग्लेझ बाजूला सरतो आणि भट्टीत त्या जागी खाच उरते. ग्लेझचा थर, त्याची घनता, शाईचे प्रमाण किंवा भट्टीचा फेरा यांपैकी काहीही हलले की खोली बदलते. शाई कमी पडली असती, तर खाच उथळ झाली असती, पण मधल्या सपाट भागाची चमक वाढायला नको होती. इथे दोन्ही एकदम झाले आहे. मॅट ग्लेझ जास्त तापला की त्याला मॅटपणा देणारे बारीक स्फटिक विरघळतात, पृष्ठभाग चकाकू लागतो आणि ग्लेझ ओघळून खाचांच्या कडा गोल होतात. दुसऱ्या मालाच्या खाचांच्या कडा भिंगाखाली गोलच दिसतात. त्या तारखेचा भट्टीच्या तापमानाचा आलेख काढून पाहावा. दोन्ही तारखांचा एकेक नग आमच्याकडे ठेवून एकेक आपल्याला पाठवत आहोत.

दुसरी तक्रार पैशाने छोटी, पण परिणामाने मोठी आहे. पेटीतल्या पत्रकात लिहिले आहे की सिमेंटचे डाग राहिल्यास ‘सौम्य ॲसिड, एक भागाला दहा भाग पाणी’ वापरून पुसावे. ही ओळ आपल्या साध्या ग्लॉसी टाइलच्या पत्रकातून जशीच्या तशी उचललेली दिसते. या टाइलवरच्या सोनेरी रेघा धातूच्या झळाळीच्या लस्टर शाईच्या आहेत, आणि असा थर साध्या ग्लेझइतका ॲसिडला टिकेलच असे नाही. आमच्या कामात कोणतेही क्लीनर आधी उरलेल्या तुकड्यावर लावून बघतात, म्हणून भिंत वाचली. तुकड्यावर पाच मिनिटांत सोनेरी रेघ राखाडी झाली आणि पुसल्यावर फडक्यावर पिवळट रंग आला. व्हिनेगरने दहा मिनिटांत रेघ निस्तेज झाली. कोमट पाणी आणि साध्या भांड्यांच्या साबणाने काहीच झाले नाही. आयएसओ १०५४५ च्या तेराव्या भागात रासायनिक टिकाऊपणाचा वर्ग ठरतो. आपल्या पत्रकात वर्ग दिलेला आहे, पण तो खालच्या मूळ ग्लेझचा की लस्टरचा, हे सांगितलेले नाही. कोल्हापुरात घरकामाला येणाऱ्या मावशी नळाच्या पाण्याचे पांढरे डाग काढायला हमखास बाथरूमचे ॲसिड वापरतात. हीच मालिका आपण बाथरूमसाठीही विकता, हे लक्षात घ्यावे.

ग्राउटबद्दलही पत्रकात शब्द नाही. खोल खाचांत इपॉक्सी शिरला आणि सुकला की तो निघत नाही. ॲसिडचा त्यावर काही उपयोग नाही आणि घासले तर लस्टर जातो. सांध्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून ग्राउट भरणे आणि तो ओला असतानाच दोन पाण्यांनी स्पंज मारणे, एवढी दोन वाक्ये तिथे हवी होती. पाठीवर बाण आहे. त्याचा अर्थ काय आणि तो कोणत्या बाजूला ठेवायचा, हेही कुठे लिहिलेले नाही.

आमची मागणी अशी. एकाच तारखेच्या, एकाच भट्टीफेऱ्यातल्या २४ नगांचा माल द्यावा. सपाट भागाची चमक नगानगांत ५ युनिटांपेक्षा जास्त हलू नये आणि कोरीव खोली ०.३० मिमीपेक्षा कमी होऊ नये. पाठवण्याआधी आठ नग उभे करून, भिंतीपासून १५ सेंमीवरच्या दिव्यात त्यांचा फोटो आम्हाला पाठवावा. तो मान्य झाल्यावरच माल निघावा. वरच्या दोन ओळीच बदलून चालेल का, असे वितरकांनी विचारले. चालणार नाही, कारण नव्या मालाची चमक पहिल्या मालाशी जुळण्याची हमी आपण देऊ शकत नाही, आणि दिली तरी ती मोजून द्यावी लागेल.

खर्चाचा तपशील : टाइल काढून अढेसिव्ह खरवडणे, १५५ चौरस फूट, ३५ रुपयांप्रमाणे ५,४२५ रुपये, पुन्हा बसवण्याची मजुरी ६० रुपयांप्रमाणे ९,३०० रुपये, २० किलोच्या पाच अढेसिव्ह पिशव्या ३,७५० रुपये, इपॉक्सी ग्राउट १,८०० रुपये. एकूण २०,२७५ रुपये. यातून वर उल्लेख केलेल्या आमच्या दोन नगांची मजुरी, म्हणजे १५.५ चौरस फुटांचे १,४७३ रुपये वजा करून उरलेले १८,८०२ रुपये घरमालकाच्या खात्यावर जमा करावेत. याखेरीज पत्रकातली ॲसिडची ओळ काढून दुरुस्त पत्रक कोल्हापुरातल्या सर्व विक्रेत्यांकडे पाठवावे. हा माल आणखी कोणाकोणाच्या भिंतीवर बसला आहे, ते वितरकाच्या बिलांवरून आपल्याला कळेलच.

‘बसवल्यानंतर तक्रार नाही’ ही अट डोळ्यांना दिसणाऱ्या दोषासाठी समजू शकतो. जो दोष पेटीवर लिहिलेला नाही आणि आपण सांगितलेल्या तपासणीत दिसत नाही, त्याला ती कशी लावणार? बिल घरमालकाच्या नावावर आहे आणि वापर राहत्या घराचा आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज दाखल करू.

आपला प्रतिनिधी पाहणीला येणार असेल तर त्याने संध्याकाळी सातनंतर यावे. दुपारी खिडकीतून समोरून उजेड येतो आणि भिंत अगदी शहाण्यासारखी दिसते.

कळावे,

आपले विश्वासू,
अंतर्गत सजावट व टाइल कामाचे सल्लागार
(घरमालकांच्या संमतीने)
नागाळा पार्क, कोल्हापूर

सोबत : बिलाची प्रत, बाराही पेट्यांच्या लेबलांचे फोटो, चमक व खोलीच्या मापांचा तक्ता (वितरकाच्या प्रतिनिधीच्या सहीसह), ॲसिड लावलेला तुकडा, दोन्ही तारखांचा एकेक नग.