आधी कॉपी कर, मग रड

पुणे, रविवार

प्रिय मन्या,

“संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर, आपलं झोटेरो, उघडत नाही, 'डेटाबेस करप्ट' म्हणतंय, गाइडला काय तोंड दाखवू?” हा तुझा मेसेज वाचून हसू आलं, रागावू नकोस. गेल्या पावसाळ्यात मीही असाच कपाळाला हात लावून बसलो होतो.

झोटेरो आधी बंद कर. काढून पुन्हा टाकायच्या फंदात पडू नकोस. डेटा वेगळ्या फोल्डरात असतो, त्यानं काही साधत नाही. तो अख्खा फोल्डर पेन ड्राइव्हवर कॉपी कर आणि पुढचे सगळे प्रयोग कॉपीवरच. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी शेकडो पोथ्यांचे पाठ ताडून पाहिले, पण म्हणून कोणी मूळ पोथीत खाडाखोड केली का?

'स्टोरेज' फोल्डरात तुझ्या पीडीएफ असतात. डेटाबेसची फाइल बिघडली म्हणून त्या जात नाहीत, तेव्हा निम्मी काळजी इथंच सोड.

आता माझा गाढवपणा. घरचा लॅपटॉप आणि डिपार्टमेंटचा पीसी, दोन्हीकडे संदर्भ दिसावेत म्हणून मी तो फोल्डरच क्लाउडवर ठेवला होता. झोटेरो फाइलमध्ये लिहितंय आणि तिकडे क्लाउड तीच फाइल अर्धवट उचलतंय, मग ती धड कशी राहणार? वर शेजारची 'जर्नल' नावाची फाइल मी कचरा समजून उडवली. काम मध्येच तुटलं तर आधीचा मजकूर जागेवर ठेवायला तीच लागते, रे! तेव्हा तुझ्याकडे ती दिसली तर डेटाबेससोबतच राहू दे.

मला तारलं 'बॅक' शेपटीच्या फाइलनं. डेटाबेसची ही बॅकअप प्रत झोटेरो स्वतःच मधूनमधून बनवतं. बिघडलेल्या फाइलचं नाव बदललं, 'बॅक'ची शेपटी काढून तिला मूळ नाव दिलं, आणि उघडलं. एका दुपारच्या चौदा नोंदी तेवढ्या गेल्या. वहीवरून परत भरल्या. तुझं सिंक चालू असेल तर तुझ्या अशा गेलेल्या नोंदीही झोटेरोच्या सर्व्हरवरून येतील.

'बॅक'ही खराब निघाली, तर झोटेरोच्या साइटवर दुरुस्तीची सोय आहे, फाइल तिथं चढवायची. किंवा झोटेरोचा डेटाबेस ज्यावर चालतो त्या एसक्यूलाइटची 'रिकव्हर' कमांड. ती तू एकट्यानं चालवू नकोस. लॅपटॉप घेऊन शनिवारी ये, आई थालीपीठ करणार आहे.

कॉपी झाली की लगेच कळव.

तुझा,
सुह्या