मॅडम, तुम्ही पेरांवर दिवस मोजलेत

नमस्कार मॅडम,

मी तुमच्या लक्षात नसेन. फलटणहून पहाटेच्या एसटीने आलेली, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत डबल मार्करचा, म्हणजे बाळाला डाऊन सिंड्रोम असण्याची शक्यता सांगणाऱ्या रक्ततपासणीचा रिपोर्ट आणि त्यावर ठळक १:११०, एकशेदहात एक. ती मी.

त्याआधी दोनदा पोट पडलं होतं. म्हणून या वेळी दिवस राहिल्यापासून ‘सपोर्ट’ म्हणून आठवड्याला दोन एचसीजी हार्मोनची इंजेक्शनं चालू होती, ५,००० युनिटची. ज्या दवाखान्याने ती टोचली, त्यांनीच बाराव्या आठवड्यात रक्त घेतलं. फॉर्म भरताना वय विचारलं, वजन विचारलं, शुगर विचारली. इंजेक्शनचं नाव नाही. देणारे तेच, तरी! रिपोर्ट आल्यावर उभ्या उभ्या सांगून मोकळे: “हाय रिस्क आहे. पोटातलं पाणी काढून तपासा, नाहीतर काय ते ठरवा.” सासूबाई तिथल्या बाकावर मटकन बसल्या.

तुम्ही रिपोर्ट वाचून बाजूला ठेवलात आणि विचारलंत, “शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं?” गुरुवारी. रक्त दिलं सोमवारी. तुमच्यासमोर कॉम्प्युटर होता, भिंतीवर कॅलेंडर होतं. पण तुम्ही हात माझ्यासमोर धरलात, अंगठा करंगळीच्या पेरावर टेकवलात आणि मोजायला लागलात. शुक्रवार, शनिवार, रविवार. करंगळी संपली. सोमवार अनामिकेवर आला. माझी आजी एकादशी अशीच मोजायची. आठवडाभरात पहिल्यांदा माझा श्वास खाली बसला तो तिथे.

मग म्हणालात, वार जो हार्मोन तयार करते तोच त्या सुईत असतो, मशीनला कुठला कुणाचा ते कळत नाही. सुईतला अंगातून पुरता जायला आठवडा-दीड आठवडा लागतो, इथे तर चारच दिवस झालेत. वर गेलाय तो तेवढाच आकडा; याच तपासणीत मोजलेलं दुसरं प्रथिन, पॅप-ए, ठीक आहे, सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागचं पाणीही बेताचं आहे. मी रात्रीच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्यांचं विचारलं, तर तो हार्मोन या तपासणीत मोजतच नाहीत म्हणालात. आणि लगेच हेही बोललात, की इंजेक्शनमुळेच आकडा वाढलाय अशी हमी मी देत नाही, म्हणून आधी आईच्या रक्तात मिसळलेल्या बाळाच्या डीएनएची तपासणी करू, तिच्यात इंजेक्शनची लुडबुड नसते. “काही होत नाही हो” एवढंच म्हणाला असतात तर मी विश्वास ठेवला नसता.

पुढचे दहा दिवस कसे काढले ते नकोच. रिपोर्ट चांगला आला. मुलगी आता आठ महिन्यांची आहे, रांगते, दिसेल ते तोंडात घालते.

या तीन वर्षांत पाट्यांवर ओळभर पदव्या असलेली माणसं खूप बघितली. समोरच्याला आधी बसवून, साधा प्रश्न विचारून उत्तर ऐकून घेणारी मोजायला करंगळी पुरली.

बारशानंतर आम्ही आलो होतो. मुलगी झाली म्हणून मी बर्फी घेत होते, सासूबाईंनी हट्टाने पेढे घ्यायला लावले. तुम्ही रजेवर होतात. डबा काउंटरवरच्या मुलीकडे दिला. तो तुमच्यापर्यंत पोचला की मधेच संपला, कळलं नाही. म्हणून हे पत्र.