७ लिटरचे म्हणून विकलेले १ लिटरचे ऑक्सिजन यंत्र : चौथी तक्रार

प्रति,
व्यवस्थापकीय संचालक व ग्राहक सेवा प्रमुख यांस

दिनांक : ९ जुलै २०२१

विषय : आमच्या रुग्णोपयोगी साहित्य केंद्राने ३ मे २०२१ रोजी घेतलेल्या दोन ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या यंत्रांची) पूर्ण रक्कम परत मिळण्याबाबत

महोदय,

आज सकाळी ११:४० ला 'आपली तक्रार सोडवण्यात आली आहे' असा तुमचा एसएमएस आला. हा चौथा. काय सोडवले ते चारही वेळा कळवलेले नाही.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत '१ ते ७ लिटर' (मिनिटाला निघणारा वायू) आणि शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत '९३%' (त्यातला ऑक्सिजन) छापले आहे. माहितीपुस्तिकेच्या १९व्या पानावर, भिंग घेतल्याशिवाय वाचता येऊ नये अशा टाइपात, '१ लिटरला ९३%, ७ लिटरला ३०%' असे लिहिले आहे. म्हणजे तुम्हाला ठाऊक होते. आम्ही ऑक्सिजन अ‍ॅनालायझर लावून दोन्ही यंत्रे तपासली. प्रत्येक आकड्यावर १५ मिनिटे चालवली, दोन्ही फिल्टर स्वच्छ, नळी ताणलेली किंवा मुडपलेली नाही. १ लिटरला ८९%, २ ला ५५, ३ ला ४४, ५ ला ३५ आणि ७ ला ३१. दुसऱ्या यंत्राचे आकडे एखाददुसऱ्या टक्क्याने इकडेतिकडे. पडद्यावर मात्र सर्व वेळ ९३! आत ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असता तर हा आकडा हलला असता.

हिशेब तुमच्या अभियंत्यांना सांगायला नको, पण ग्राहक सेवेला सांगावा लागतो आहे. साध्या हवेत २१% ऑक्सिजन असतो. ३१ टक्क्यांच्या ७ लिटरमध्ये ९३ टक्क्यांचा वायू जेमतेम १ लिटर आणि बाकी ६ लिटर खोलीतली हवा. ५ लिटरला काढा, उत्तर तेच. बटण १ वरून ७ वर नेले की ऑक्सिजन वाढत नाही, त्यात फक्त वारा मिसळतो. वारा द्यायला आमच्याकडे पंखे आहेत.

पाच लिटरच्या खऱ्या यंत्रातून मिनिटाला ४.६५ लिटर शुद्ध ऑक्सिजन निघावा लागतो. एक थेंबही वाया गेला नाही असे धरले तरी त्यासाठी २२ लिटर हवा आत घ्यावी लागेल. झिओलाइटच्या (नायट्रोजन शोषणाऱ्या खनिजाच्या) नळकांड्या दाबाखाली नायट्रोजन धरतात आणि दाब सोडला की तो बाहेर टाकतात, त्यात बराच ऑक्सिजनही निसटतो. म्हणून प्रत्यक्षात लागणारी हवा याच्या दुपटीहून जास्त. त्याला मोठा कॉम्प्रेसर लागतो, जड नळकांड्या लागतात, ३०० वॅटच्या पुढे वीज लागते. तुमच्या यंत्राच्या पाटीवर १२० वॅट आहे आणि वजन साडेसहा किलो. ही पाटी चिकटवणाऱ्यालाही अंदाज यायला हवा होता.

याने घरात काय होते तेही लिहितो. डॉक्टर फोनवर सांगतात, '५ लिटरवर ठेवा.' नाकातल्या नळीतून लिटरमागे साधारण ४% ऑक्सिजन वाढतो असा त्यांचा ठोकताळा असतो, म्हणजे ५ लिटरला ४०% मिळतो आहे असे ते धरून चालतात. तुमच्या यंत्रावर मिळतात २४ च्या आसपास. ऑक्सिमीटर ९० च्या वर जात नाही. घरचे बटण ७ वर नेतात, पडद्यावर ९३ बघून थोडी वाट पाहतात आणि बेड शोधायला लागण्याचे तास तिथे जातात. करोनाच्या ज्या मे महिन्यात खाटेसाठी लोक खाटा वाटणाऱ्या वॉर रूमचे फोन धरून बसले होते, त्या महिन्यात हे विकले गेले.

आता आजच्या कॉलबद्दल. ३८ मिनिटे सनई ऐकवून तुमचे 'टेक्निकल एक्स्पर्ट' फोनवर आले. आम्ही पाचही आकडे वाचून दाखवले. त्यावर, वायू ज्या पाण्याच्या बाटलीतून येतो तिच्याबद्दल त्यांचा प्रश्न : "सर, बाटलीत बुडबुडे येतायत का?" येतायत. "मग ऑक्सिजन येतोय सर." बुडबुडे कोणत्याही वायूचे येतात असे सांगितल्यावर ते थोडे थांबले. मग म्हणाले, "जास्त येतायत की कमी?" ७ वर जास्त येतात. "बघा, म्हणजे ७ ला ऑक्सिजन जास्त आहे." माशांच्या टाकीतही बुडबुडे येतात, तो पंप ४०० रुपयांना मिळतो, असे आम्ही म्हणालो. त्यावर शांतपणे उत्तर आले, "सर, तो प्रॉडक्ट आमच्याकडे नाहीये." पुढे अ‍ॅनालायझर कोणत्या कंपनीचा, तो आमचा अधिकृत आहे का, हे विचारून झाले आणि शेवटी : "पेशंट आता बरे आहेत ना? मग मशीनची तक्रार कशाला?"

हे वाक्य तुमच्या प्रशिक्षणात शिकवले जाते का, एवढे लेखी कळवा. रुग्ण बरा झाला असेल तर यंत्र चांगले, आणि बरा झाला नसता तर तक्रार करायला कोण उरणार होते?

याआधीच्या तीन कॉलमध्ये उपाय सुचवले गेले ते असे : स्पंज फिल्टर धुवा (धुतला, आठवड्याला धुतोच), बाटलीत डिस्टिल्ड पाणी खुणेपर्यंत भरा (तेच भरतो), इन्व्हर्टरवर चालवू नका (चालवलेले नाही). यातल्या कशानेही १२० वॅटचे ३५० वॅट होत नाहीत. बिघाड असता तर १ लिटरलाही शुद्धता पडली असती. यंत्र बिघडलेले नाही, ते बनवलेच असे आहे. म्हणून 'दुरुस्तीसाठी स्वखर्चाने भिवंडीच्या गोदामात पाठवा' हा सल्ला आम्ही पाळणार नाही.

किमतीचेही एकदा बोलू. आमच्याकडून एका यंत्राचे ५८,५०० रुपये घेतलेत. ३ जूनला केंद्र सरकारने या यंत्रांवरचा व्यापारी नफा ७० टक्क्यांवर बांधला आणि महिना संपायच्या आत तुमच्याच संकेतस्थळावर हेच यंत्र ३४,००० ला आले. तरी पडद्यावर ९३ आहेच.

दोन्ही यंत्रांचे मिळून १,१७,००० रुपये १५ दिवसांत परत करा. खोक्यावरचा '७ लिटर' हा शब्द काढा किंवा त्याच आकाराच्या अक्षरांत '३०%' छापा. हे झाले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली आम्ही आमच्याच जिल्ह्याच्या आयोगात जाऊ. ५ लाखांपर्यंत तिथे शुल्क लागत नाही, त्यामुळे आम्ही कंटाळू या भरवशावर राहू नका. अन्न व औषध प्रशासनालाही मोजमापांची प्रत जाईल. १९व्या पानाचा फोटो दोन्हीकडे जोडू.

यंत्रे घेऊन जायला माणूस तुम्ही पाठवायचा आहे. आमचे केंद्र सकाळी १० ते १ उघडे असते.

सचिव,
रुग्णोपयोगी साहित्य केंद्र

ता. क. : मे महिन्यात पैसे भरून मागवलेले दोन हेपा (हवेतले बारीक कण गाळणारे) फिल्टर अजून आलेले नाहीत. त्या तक्रारीवरही 'सोडवण्यात आली आहे' असाच एसएमएस आहे.