'गाडी लागते का?' असं विचारणाऱ्या भूलतज्ज्ञ मॅडमना

मॅडम,

सप्रेम नमस्कार. मी चिपळूणची, पित्ताशयातल्या खड्यांची पेशंट. डिस्चार्जच्या दिवशी पेढे घेऊन तुमच्याकडे आले होते, पण सिस्टर म्हणाल्या, "मॅडम केसमध्ये आहेत." सर्जन साहेबांना भेटता आलं, तुम्हाला नाही. म्हणून हे पत्र.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तपासणीला तुमच्यासमोर बसले होते. बीपी, शुगर, दात हलतो का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, सगळं विचारून झालं. मग तुम्ही म्हणालात, "गाडी लागते का तुम्हाला?"

मी म्हटलं, लागते म्हणजे काय! पोफळी मागे पडली आणि कुंभार्ली घाट सुरू झाला की हातात लिंबू घेऊन जे डोळे मिटते, ते हेळवाक येईपर्यंत उघडत नाही. तुम्ही ते नीट लिहून घेतलंत आणि पुढचा प्रश्न विचारलात, "आधीच्या ऑपरेशननंतर कसं होतं?" अकरा वर्षांत हे मला कुणीच विचारलं नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी माझी गर्भपिशवी काढली, पोटावर आडवा छेद घेऊन. ती रात्र मी विसरू शकत नाही. दुखण्याचं इंजेक्शन दिलं की अर्ध्या तासात तोंडात पातळ लाळ जमायची, कानामागे घाम फुटायचा आणि उमासे सुरू व्हायचे. पोटात काही नव्हतंच, नुसत्या कोरड्या उलट्या. प्रत्येक उमाशाला टाके ताणायचे. जाऊबाईंनी एका हाताने ट्रे धरला होता आणि दुसऱ्या हाताने माझ्या पोटावर उशी दाबून ठेवली होती. पहाटेपर्यंत त्या तशाच उभ्या होत्या. विचारलं की उत्तर एकच मिळायचं, "भुलेचं होतंच तसं, उतरेल." तिसऱ्यांदा इंजेक्शन आणलं तेव्हा मी हात मागे घेतला. दुखू दे, पण ते नको.

खड्यांचं ऑपरेशन मी दोन वर्षं पुढे ढकलत होते, ते याच भीतीने. लग्नातलं जेवण झालं की उजव्या बरगडीखाली कळ यायची, पाठीत जायची. घरच्यांना वाटायचं, मी पैशाचा विचार करते. चाकूची भीती नव्हती, पैशांचीही नव्हती. त्या ट्रेची होती.

हे सगळं तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत आणि माझ्याच फाईलच्या मागच्या कोऱ्या बाजूला चार ओळी लिहिल्यात, ऑपरेशननंतर उलट्यांचा धोका कशाकशाने वाढतो त्याच्या. बाई असणं. विडी-सिगारेट न ओढणं. गाडी लागणं किंवा आधी असा त्रास झालेला असणं. आणि ऑपरेशननंतर अफूच्या कुळातली वेदनाशामकं लागणं. १९९९ साली अ‍ॅपफेल नावाच्या डॉक्टरांनी हा हिशेब मांडला, असं तुम्ही सांगितलंत. यातलं एकही नसेल तर शंभरातल्या साधारण दहा जणांना उलट्यांचा त्रास होतो, चारही असतील तर ऐंशीच्या आसपास. "तुमचे तीन आत्ताच जमा आहेत," तुम्ही म्हणालात, "चौथं आपल्या हातात आहे."

मॅडम, त्या वाक्याने मी रात्री झोपले.

तुम्ही काय काय केलंत ते मला नंतर फाईलवरून कळलं. भुलेच्या वायूऐवजी शिरेतून प्रोपोफॉल हे भुलेचं औषध. उलट्या होऊ नयेत म्हणून सुरुवातीलाच डेक्सामेथासोन, जाग यायच्या आधी ओन्डान्सेट्रॉन. दुर्बिणीच्या छिद्रांपाशी जागा बधिर करायचं औषध. पॅरासिटामॉलची बाटली दर सहा तासांनी, दुखो वा न दुखो. अफूच्या कुळातलं ट्रॅमाडॉल फक्त लागलं तरच. तुम्ही समजावलं होतं तसं, मेंदूच्या तळाशी एक जागा असते, रक्तात विष आलंय का यावर ती पहारा ठेवते. ट्रॅमाडॉलसारखं औषध आलं की ती विष समजून बोंब ठोकते, आणि वर पोटही सुस्तावतं. म्हणजे दुखणं आणि मळमळ या दोन वेगळ्या तक्रारी नव्हेत, एकीचं औषध लिहिताना दुसरीचाही विचार हवा. हे इतकं साधं आहे, तरी माझ्या त्या रात्री कुणाला सुचलं नव्हतं.

ऑपरेशन झालं त्या रात्री दोनच्या सुमारास उजवा खांदा ठणकायला लागला. पोटाचं ऑपरेशन आणि दुखतोय खांदा, मी घाबरले. सिस्टर म्हणाल्या, पोट फुगवायला भरलेल्या वायूने असं होतं, दोन दिवसांत जाईल. पण ठणका थांबेना, तेव्हा त्या ट्रॅमाडॉल घेऊन आल्या. माझा हात आपोआप मागे गेला. सिस्टरनी तो हळूच धरला. "मॅडमनी लिहून ठेवलंय. आधी उलटीचं, मग दुखण्याचं, तेही सलाईनमधून सावकाश."

मी डोळे उघडे ठेवून वाट बघत राहिले, आता लाळ सुटेल, आता सुटेल. सुटली नाही. खांदा सैल पडत गेला. चारच्या सुमारास थोडं ढवळल्यासारखं झालं, तेव्हा सिस्टरनी इंजेक्शनआधी त्वचा पुसायच्या स्पिरिटच्या पट्टीचं पाकीट फाडलं, ती नाकाशी धरली आणि म्हणाल्या, "नाकाने लांब श्वास घ्या." तीन-चार श्वासांत ते विरलं. सकाळी मी अर्धा कप चहा प्यायले आणि तो पोटात राहिला. जाऊबाई शेजारीच होत्या. त्यांनी ट्रे उचलून कॉटखाली सरकवला.

घरी जाताना तुम्ही गोळ्यांची वेळ लिहून दिलीत. ओन्डान्सेट्रॉनने डोकं जड होईल, पोट साफ व्हायला वेळ लागेल, हेही सांगून ठेवलं होतंत. दोन्ही झालं, पण आधीच माहीत असल्यामुळे घाबरले नाही. घाटासाठी ही गोळी घेऊ का, असं विचारलं तर म्हणालात, गाडी लागण्यावर हिचा फारसा उपयोग नाही, त्याची गोळी वेगळी असते. परतीच्या वाटेवर पुढच्या सीटवर बसले, लिंबू हातात होतंच.

माझ्या फाईलच्या पहिल्या पानावर आता लाल पेनाने मोठं लिहिलंय, "गाडी लागते. आधीच्या ऑपरेशननंतर रात्रभर उलट्या." माझ्या धाकटीलाही गाडी लागते. तिच्या फाईलवरही लिहून ठेवलंय.

तुमची ऋणी,
खड्यांची पेशंट, चिपळूण