अंगठा आधी शिकवणाऱ्या भाऊंना

आदरणीय भाऊ,
स. न. वि. वि.

बाजाराच्या दिवशी दुपारी समाजमंदिरात पन्नाशी-साठी उलटलेल्या माणसांना तुम्ही एकट्याने वाजवायची ब्लूज (अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या गाण्याची) गिटार शिकवता. तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच तार जुळवायला घेता, म्हणून हे लिहून मानतो आहोत. पत्र उघडं ठेवलं, कारण तुमचा क्रम आजूबाजूच्या गावांतल्या ज्या कोणाच्या घरी नातवाची गिटार खुंटीला लटकली आहे, त्याच्या कामाचा आहे.

पहिले आभार अंगठ्याचे. बहुतेक ठिकाणी शिकवणी डाव्या हातापासून सुरू होते: सी, जी हे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर), मग एफचा बार. पहिल्या बोटाने सहाही तारा एकदम दाबणं हे उतारवयातल्या सांध्याला फार जड काम आहे, आणि गिटार तिथेच परत खुंटीला जाते. तुम्ही डावा हात मांडीवर ठेवायला लावला आणि पहिला आठवडा फक्त उजव्या अंगठ्याला दिला. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार मोकळी, मिनिटाला ६० ठोके, दर ठोक्याला एक खर्ज. तळव्याची कड ब्रिजवर (खोक्यावर तारा अडकवलेल्या पट्टीवर) हलकी टेकवली की स्वर 'ठम' असा तुटक येतो. कड तारांवर जास्त पुढे आली तर स्वर मरतो, मागे सरकली तर घुमत राहून वरच्या तारांवर पसरतो. मधली जागा बोटभरही नाही, ती कानानेच सापडते.

दुसऱ्या आठवड्यात पहिल्या मात्रेला अंगठा आणि मधलं बोट एकत्र, चिमटीसारखं: सहावी आणि पहिली तार. मग दुसऱ्या मात्रेला, तिसऱ्या, चौथ्या. इथवर सगळ्यांना जमतं. अडतं ते पुढे, बोटाला दोन ठोक्यांच्या मध्ये पडायचं असतं तेव्हा. ब्लूजच्या चालीत मात्रेचे तीन भाग होतात, पहिला आणि तिसरा वाजतो, मधला गिळायचा. तोंडाने 'ठम-अ-टी, ठम-अ-टी' म्हणायचं. 'ठम' अंगठ्याचा, 'टी' बोटाचा, 'अ' मनातल्या मनात. नवशिक्याचा अंगठा हमखास बोटामागे धावतो, कारण आधी हाताने दोघांना एकच हालचाल म्हणून शिकून घेतलेलं असतं. त्यावर तुमचा उपाय बाकी कुठल्याही उपायापेक्षा खरा ठरतो: लय ४० वर आणा, बोल मोठ्याने म्हणा, आणि बोट चुकलं तर बोट सोडा, अंगठा सोडू नका. “आंगठा थांबला का बैल बसला.” चूक झाली म्हणून थांबून पुन्हा पहिल्यापासून सुरू करणाऱ्याचा हात थांबायलाच शिकतो. अंगठा चालू ठेवून पुढच्या बारात, म्हणजे पुढच्या चार मात्रांत, परत आत शिरणं हाही सरावाचाच भाग आहे, हे कोणी इतकं स्पष्ट सांगत नाही.

अमेरिकेत टेक्सासमधल्या नॅव्हासोटा भागात बटईने शेती केलेले मान्स लिप्सकॉम्ब यांचं वादन तुम्ही ऐकवता, ते याचसाठी. १८९५ चा जन्म, आणि पहिली तबकडी १९६० सालच्या ध्वनिमुद्रणाची. वाजवत मात्र ते लहानपणापासून होते, म्हणून नवशिक्याला त्यांचं वय दाखवून धीर द्यायचा नसतो, त्यांचा अंगठा ऐकवायचा असतो. शनिवारी रात्री लोक नाचायचे आणि साथीला ढोलक नाही, दुसरा वाजवणारा नाही. खर्ज तुटला की नाच तुटला.

ई मधलं १२ बारचं आवर्तन तुम्ही बोटांची काटकसर करून बसवलंत, हे दुसरे आभार. घर म्हणजे दांड्यावरच्या दोन फ्रेटपट्ट्यांमधली जागा. ई-सात कॉर्ड: पाचव्या तारेवर दुसरं घर, तिसरीवर पहिलं. ए-सात: चौथी आणि दुसरी, दोन्हींवर दुसरं घर. दोन-दोन बोटांत काम. बी-सातला तीन: पाचवीवर दुसरं, चौथीवर पहिलं, तिसरीवर दुसरं, दुसरी तार मोकळी, पहिल्या तारेसाठी करंगळी ताणायचीच नाही, ती तार वाजवायची नाही. अंगठा ई-सातला सहाव्या तारेवर, बाकी दोघांना पाचवीवर. चार बार ई, दोन ए, दोन ई, एक बी, एक ए. अकराव्या बारात पहिली तार मोकळी ठेवून तिसऱ्या तारेवर चौथं, तिसरं, दुसरं, पहिलं घर, मात्रेला एक, असं उतरायचं, आणि बाराव्यात बी-सातवर थांबून परत वर यायचं. माणूस हरवतो तो बहुधा सातव्या-आठव्या बारात, कारण ई वर परतल्यावर आवर्तन नव्याने सुरू झाल्यासारखं वाटतं. दर बाराच्या पहिल्या मात्रेला बारचा आकडा मोठ्याने म्हटला की हे दोन दिवसांत सुटतं.

आणि गंधार. भाऊ, यासाठी आभाराचे शब्द अपुरे आहेत. ई म्हणजे पांढरी तीन हा सा धरला, तर मायनर पेंटाटोनिक म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी, हे आमच्या भजनी मंडळींना सांगितल्याबरोबर कळतं. धानी रागाचेच स्वर. त्यात तीव्र मध्यम जाता-जाता लागला की ब्लूज. पण ब्लूजचा जीव कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधल्या जागेत आहे, आणि ती जागा गाणाऱ्या गळ्याला आधीच ठाऊक असते. म्हणून आधी गाऊन घ्या, मग तारेवर शोधा, हा तुमचा आग्रह. पहिल्या तारेवर तिसरं घर अनामिकेने दाबायचं, मधलं बोट तिच्या मागच्या घरात आधाराला, आणि कुलपात किल्ली फिरवावी तसं मनगट किंचित फिरवायचं. एकट्या बोटाने ढकललं तर सांधा दुखतो आणि स्वरही थरथरतो. ताण पाव स्वराचाच; अर्ध्यावर गेला तर शुद्ध गंधार होतो आणि धार जाते. तिसऱ्या तारेवर हा प्रयत्न करू नये, अकूस्टिक (बिनविजेच्या) गिटारच्या संचात तिच्यावर बारीक तारेचं वेटोळं असतं आणि ती सहजी वाकत नाही. तिथे मोकळी तार छेडून लगेच पहिल्या घरावर बोट आपटायचं, कोमलातून शुद्धात. ही जागा ई-सातवरच. ए-सातवर तोच शुद्ध गंधार कानाला टोचतो, कारण त्या कॉर्डमध्ये कोमल गंधार बसलेला असतो.

दोन बार वाक्य, दोन बार नुसता अंगठा, ही सवयही तुम्हीच लावलीत. बुवांनी चरण म्हणावा आणि मंडळींनी झेलावा तसं. नवशिका मोकळ्या जागेला घाबरून ती भरत सुटतो. ती खर्जाकडे सोपवायची.

हाताबद्दल थोडं. शेतीचे घट्टे तळहातावर असतात, बोटांच्या टोकांवर नसतात, म्हणून कष्टाच्या हातालाही तार लागतेच. दिवसातून तीन वेळा दहा मिनिटं; सलग तासभर नाही. ११-५२ ऐवजी १०-४७ च्या, म्हणजे बारीक तारा (आकडे पहिल्या आणि सहाव्या तारेच्या जाडीचे), आणि सगळ्या तारा अर्धा स्वर खाली, म्हणजे सहावी काळी दोनला. नुसता स्वर उतरवल्याने ताण साधारण ११ टक्के उतरतो आणि बोटांची घरं तीच राहतात. बैठक मारून वाजवलं तर गिटार मांडीवरून घसरते, ती सावरायला डावं मनगट मुडपतं आणि रात्री दुखतं. खुर्ची, डाव्या पायाखाली पाट, आणि बसूनही गळ्यात पट्टा. बोट फ्रेटच्या लगेच मागे ठेवलं की निम्म्या जोराने स्वर स्वच्छ येतो.

इथल्या हवेचं तुम्ही सांगितलं ते शहरात शिकून आलेल्यालाही माहीत नसतं. एप्रिल-मे मध्ये लाकूड सुकतं, वरची फळी खाली बसते, तारा फ्रेटला लागून झणझणतात, आणि बोटं दाबायच्या पट्टीचं लाकूड आक्रसल्याने फ्रेटची टोकं हाताला ओरबाडतात. पावसाळ्यात फळी फुगते, तारा उचलल्या जातात, दाबायला जोर लागतो. लोक दोन्ही वेळा गिटार बिघडली म्हणतात. त्यात कूलर: दिवसभर दमट हवा, रात्री बंद केला की कोरडी, ही उलटापालट नुसत्या उन्हाळ्यापेक्षा वाईट. म्हणून वाजवून झालं की पेटीत. उन्हाळ्यात भोकं पाडलेल्या साबणदाणीत पिळून घेतलेला स्पंज, तीन-चार दिवसांनी पुन्हा ओला, थेंब गळता कामा नये. मृग लागला की स्पंज बाहेर आणि सिलिका जेलच्या पुड्या आत. टिनाच्या खोलीत किंवा उभ्या गाडीत गिटार ठेवायचीच नाही.

झणझण आली की लगेच दांड्यातल्या, त्याचा वाक ठरवणाऱ्या सळईला चावी लावू नये. फक्त मोकळी तार झणझणत असेल तर नटची (दांड्याच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीची) खाच खोल झालेली असते. पहिल्या चार-पाच घरांत झणझण असेल तर दांडा फार सरळ किंवा मागे वाकलेला. सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या घरात दाबून सातव्या घरावर पोस्टकार्डाच्या जाडीची फट दिसली पाहिजे. चावी एका वेळी पाव फेऱ्याच्या पुढे नाही, मग एक दिवस थांबायचं.

या सगळ्यासाठी, आणि दर वेळी आमच्या तारा स्वतः जुळवून देण्याऐवजी पेटीवरून एकेका तारेचा स्वर आमच्याकडून म्हणून घेता त्यासाठी, मनापासून आभार. येत्या बाजारी ए-सातवरची वाक्यं बसवायची आहेत. पाट आम्ही आणतो.

आपली,
समाजमंदिरातली मंडळी