'सिंगल्स गोइंग स्टेडी' कसा ऐकायचा ते सांगणाऱ्या दादांना

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

बझकॉक्स हा ब्रिटिश पंक रॉक बँड ऐकायला कुठून सुरुवात करावी, असं विचारल्यावर तुम्ही 'सिंगल्स गोइंग स्टेडी' या अल्बमचं नाव सांगून थांबला नाहीत. तो कसा ऐकायचा हेही नीट समजावलंत. त्याबद्दल मनापासून आभार. पंककडे नव्याने वळलेल्यांच्या उपयोगी पडावं म्हणून तुमचं सांगणं इथे सविस्तर लिहितो आहोत.

मँचेस्टरच्या या बँडच्या 1977 ते 1979 मधल्या 8 सिंगल्सचा, म्हणजे दोन-दोन गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डचा, हा संग्रह. एका बाजूला आठही ए-साइड (सिंगलचं मुख्य गाणं), दुसऱ्या बाजूला त्यांच्याच बी-साइड (मागच्या बाजूचं गाणं), आणि दोन्हीकडे क्रम रेकॉर्ड निघाल्या तसाच. सप्टेंबर 1979 मध्ये आय.आर.एस. या रेकॉर्ड कंपनीने तो आधी अमेरिकेत काढला, तिथल्या श्रोत्यांना बँडची ओळख व्हावी म्हणून. ब्रिटनमध्ये तो 1981 मध्ये आला. सलग ऐकला की मूळ जोड्या तुटतात. तुमचा उपाय अगदी सोपा: गाण्याच्या क्रमांकात 8 मिळवायचे. 1 नंतर 9, 2 नंतर 10, असं 8 नंतर 16 पर्यंत. 2001 च्या सीडीवर 24 गाणी आहेत, पण जास्तीची 8 शेवटी जोडलेली असल्याने हिशोब बिघडत नाही.

अॅपवर ऐकताना शफल (क्रम बदलून वाजवणं) आणि क्रॉसफेड (एक गाणं संपतानाच पुढचं त्यात मिसळणं) दोन्ही बंद ठेवा, हा तुमचा आग्रह किती योग्य होता! 'लव्ह यू मोअर' पावणेदोन मिनिटांच्या आसपासचं गाणं. शेवटच्या ओळीत वस्तऱ्याचा उल्लेख येतो आणि गाणं तिथेच कापल्यासारखं थांबतं. क्रॉसफेड चालू असेल तर पुढचं गाणं त्या तुटण्यावर चढतं आणि बँडचा गायक-गिटारवादक पीट शेली याने योजलेला सगळा परिणाम वाया जातो.

'व्हाय कान्ट आय टच इट?' मोबाइलच्या एकाच स्पीकरवर ऐकू नका, हेही तुमचंच. साडेसहा मिनिटं बेसची एकच चाल फिरत राहते, आणि दोन गिटार डाव्या-उजव्या कानातून एकमेकींना उत्तरं देतात. डावं-उजवं एकत्र मिसळलं की तो संवाद हरवतो. हेडफोन हवाच. हे गाणं बी-साइड होतं यावर अजून विश्वास बसत नाही!

हिट म्हणजे काय, याचाही तुम्ही उलगडा केलात. 'एव्हर फॉलन इन लव्ह' 1978 मध्ये ब्रिटनच्या सिंगल्सच्या खपाच्या यादीत 12 व्या क्रमांकावर गेलं. बँडचं सर्वांत मोठं यश तेच. 'प्रॉमिसेस' 20 वर पोचलं. 'व्हॉट डू आय गेट?' मात्र 37 वर थांबलं, आणि 'ऑर्गॅझम अॅडिक्ट' तर बीबीसीने वाजवलंच नाही. आमच्या मते 'व्हॉट डू आय गेट?' या सगळ्यांपेक्षा सरस आहे, आणि यादीतल्या क्रमांकाने ते कधीच कळलं नसतं.

शिवाय या 16 पैकी 12 गाणी बँडच्या तेव्हाच्या स्टुडिओ अल्बमांवर नव्हती. 'आय डोन्ट माइंड', 'ऑटोनॉमी', 'एव्हर फॉलन इन लव्ह' आणि 'जस्ट लस्ट' एवढीच तिथे सापडतात. म्हणजे अल्बम घेऊनही या संग्रहाची गरज उरतेच.

'स्पायरल स्क्रॅच' यात का नाही, हा घोळही तुम्हीच मिटवलात. जानेवारी 1977 ची ती चार गाण्यांची रेकॉर्ड बँडने स्वतःच्या न्यू हॉर्मोन्स लेबलवर काढली होती, तेव्हा गायक होता हॉवर्ड डेव्होटो. हा संग्रह फक्त युनायटेड आर्टिस्ट्स या कंपनीने काढलेल्या सिंगल्सचा. त्यामुळे त्या रेकॉर्डवरच्या 'बोअरडम'मधला दोनच सुरांचा गिटार सोलो ऐकायचा तर ती रेकॉर्ड वेगळी मिळवावी लागते. आणि या संग्रहातल्या 'लिपस्टिक'ची गिटार ऐकून डेव्होटोच्या मॅगझिन बँडचं 'शॉट बाय बोथ साइड्स' आठवतं, कारण मुळात ती चाल शेलीचीच.

आता बझकॉक्सचा 'अ डिफरंट काइंड ऑफ टेन्शन' हा अल्बम ऐकायला घेतो आहोत. त्यासाठीही काही सूचना असतील तर जरूर कळवा.

लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
बझकॉक्सचे नवे श्रोते